गणेश महालातला तह

खेरार्ड टेर बोर्ख या डच चित्रकाराने १६४८ साली म्युन्स्टरच्या तहाचा शपथविधी रंगवला. छोट्याशा तांब्याच्या पत्र्यावर दालनभर माणसे. डचांनी बोटे उंचावलेली, स्पॅनिश वकिलांचा हात धर्मग्रंथावर. चित्रकार तेव्हा म्युन्स्टरलाच होता आणि गर्दीच्या कडेला त्याने स्वतःलाही उभे केले आहे.

पुण्याचा तह रंगवणारा मात्र दरबारात नव्हता. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी १७९० मध्ये एकत्र आले. मंजूर झालेला तह इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटने शनिवारवाड्यातल्या गणेश महालात पेशवे सवाई माधवरावांना सादर केला, तो हा प्रसंग.  मुळा-मुठेच्या संगमावर मॅलेटचा बंगला होता. चित्रासाठी त्याने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराला हाताशी धरले. वेल्स पुण्यात आला १७९२ मध्ये. पेशवे, नाना फडणवीस यांना समोर बसवून त्याने चेहरे टिपले. तहाच्या वेळी सवाई माधवराव सोळा वर्षांचे होते, वेल्सपुढे बसले तेव्हा अठरा उलटत होते. त्या वयात दोन वर्षांनी चेहरा किती बदलतो!

ऑक्टोबर १७९५ मध्ये पेशवे गेले आणि पुढच्याच महिन्यात साष्टीत लेण्यांची चित्रे काढत असताना वेल्सही गेला. त्याची मुलगी सुझॅना हिच्याशी मॅलेटने १७९९ मध्ये लग्न केले. वेल्सची रेखाटने मग थॉमस डॅनियलच्या हाती आली आणि १८०५ मध्ये भव्य तैलचित्र पुरे झाले. आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे.

म्हणून त्याला तहाचा साक्षीपुरावा मानू नये. कोण कुठे बसला होता, यावर त्याच्या आधाराने वाद घालण्यात अर्थ नाही. त्याचे मोल चेहऱ्यांत आहे, आणि त्याहून जास्त त्या जागेत. लोडाला टेकलेले पेशवे, बैठकीवरचे पागोटेधारी मुत्सद्दी, सुरूच्या घाटाचे लाकडी खांब, महिरपी. १८२८ च्या आगीत हा गणेश महाल जळाला. उरली ती जोती.

या कथेत एका पुणेकराचे नाव हक्काने यायला हवे : गंगाराम तांबट. मॅलेट आणि वेल्ससाठी त्याने वेरूळची लेणी रेखाटली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. त्याची चित्रे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळ तरी मिळावी, असे मला मनापासून वाटते.

पिंपरीहून कसबा पेठेपर्यंत आता थेट मेट्रो जाते. या चित्राची प्रत मोबाइलवर घेऊन, मुलांना सोबत नेऊन, शनिवारवाड्यातल्या त्या जोत्यांपाशी एकदा जरूर उभे राहा.