पडद्यावरची बाग, जमिनीवरचा हिशेब

१९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी ख्रिस सॉयर यांचा 'रोलरकोस्टर टायकून' हा संगणकीय खेळ बाजारात आला. यात करमणूक उद्यान उभारून नफ्यात चालवायचे असते. नुसते पाळणे मांडून भागत नाही. भोवती झाडे, पाणी, साजेशी सजावट असली की रंजकता वाढते व तिकीट जास्त लावता येते. वाटा गुंतागुंतीच्या केल्या तर गिऱ्हाईक चुकते, चिडते. टेकडी सपाट करायलाही पैसे पडतात. खेळात मिसर, रोम असे विषय मिळतात. गोंदियाकडे तलाव, धानाच्या बांध्या आणि सारस आहेत. असा धंदा काढू पाहणाऱ्या तरुणांनी कर्ज उचलण्याआधी आराखडा पडद्यावर मांडून पाहावा. तिथली चूक पुसता येते, जमिनीवरची हप्त्याने फेडावी लागते.