हेल्मेटविना अवकाशात

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये अंतराळवीर बोमन हेल्मेट न घालता निर्वातातून यानात झेप घेतो. दार बंद होऊन हवा आत येईपर्यंत पडद्यावर एकही आवाज नाही. अगदी बरोबर, कारण ध्वनीला प्रवासासाठी माध्यम लागतं.

पण माणूस यातून जगेल का? काही सेकंद, हो. ‘टोटल रिकॉल’मध्ये (१९९०) मंगळाच्या विरळ हवेत डोळे खोबणीबाहेर येतात, ती निव्वळ कल्पना. आपली त्वचा चिवट असते. शरीर सुजतं, फुटत नाही. माणूस क्षणात गोठतही नाही, कारण उष्णता वाहून न्यायला भोवती हवाच नसते. खरा घात होतो तो ऑक्सिजन तुटल्याने. १९६६मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात कक्षात जिम लेब्लांक या तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. सुमारे १४ सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली. त्याआधी जिभेवरची लाळ उकळू लागल्याचं त्यांना जाणवलं होतं. दाब नाहीसा झाला की पाणी शरीराच्या तापमानालाच उकळतं. कक्षात तातडीने हवा सोडली गेली आणि ते वाचले.

कुब्रिक यांची एक चूक मात्र राहिली. झेपेआधी बोमन श्वास रोखून धरतो. निर्वातात छातीत कोंडलेली हवा प्रसरण पावून फुफ्फुसं फाडू शकते. त्याने श्वास सोडायला हवा होता. तरीही विज्ञानाशी इतकं इमान राखणारं दृश्य मला दुसऱ्या अवकाशपटात दिसलेलं नाही. हा चित्रपट जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहा.