पाय काढला की गाडी का मंदावते?

धावत्या गाडीच्या ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती मंदावू लागते. असे का होते, हे वर्गात विचारले तर बहुधा उत्तर येते, ‘तिचा जोर संपतो.’ न्यूटनचा पहिला नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थीही हेच सांगतो. नियम मात्र नेमके उलट सांगतो. गाडीचा वेग आपोआप संपत नाही, कुठल्यातरी बलाला तो कमी करावा लागतो. ही बले कोणती आणि त्यांत कोणाचा वाटा किती, हे मोजता येईल का? अमेरिकेतल्या जुन्या पिकअप गाड्या या हिशोबासाठी चांगले उदाहरण आहेत.

पिकअप म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. १९७०च्या दशकातील शेवरले सी-१० सारख्या अनेक पिकअपमध्ये आठ सिलिंडरचे मोठे पेट्रोल इंजिन आणि तीन गिअरची स्वयंचलित यंत्रणा असे. आजच्या मोटारीची सवय असलेल्या माणसाने अशी गाडी चालवली, तर पाय काढताच कोणीतरी हलका ब्रेक लावल्यासारखे वाटते. हा गाडीचा दोष की स्वभाव?

आकडे ढोबळ धरू. गाडीचे वस्तुमान २००० किलोग्रॅम, वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. गिअर न्यूट्रलमध्ये आहे असे समजू. आता दोनच मोठी बले उरतात. पहिले हवेचे. उभट तोंडाची केबिन आणि मागचा उघडा हौदा यांमुळे हवा सुरळीत वाहत नाही, तिच्यात भोवरे होतात. या वेगाला हवेचा रोध सुमारे ५६० न्यूटन येतो. दुसरे बल टायरचे. जमिनीला टेकणारा रबराचा भाग प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुगतो, पण दाबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. थोडी उष्णतेत जाते. हा रोध वजनाच्या सुमारे दीड टक्का धरला तर साधारण ३०० न्यूटन होतो.

एकूण ८६० न्यूटन. त्याला २००० ने भागले की मंदन मिळते ०.४३ मीटर प्रतिसेकंद वर्ग. म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी दीड किलोमीटरने घटतो. आजच्या १४०० किलोग्रॅमच्या निमुळत्या मोटारीसाठी हाच हिशोब केला, तर घट ताशी एक किलोमीटरच्या आसपास येते.

येथे एक गैरसमज दूर करता येतो. ‘गाडी जड, म्हणून लवकर थांबते’ असे अनेकांना वाटते. टायरचा रोध वजनाच्या प्रमाणात वाढतो हे खरे, पण मंदन काढताना आपण वस्तुमानानेच भागतो. त्यामुळे तो परिणाम फिटतो. हवेचा रोध तर वजनाने वाढतच नाही. म्हणून हौद्यात ५०० किलोग्रॅम माल भरला, तर मंदन ०.४३ वरून ०.३७ वर येते. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा हळू मंदावते!

आता गिअर पुन्हा ‘ड्राइव्ह’मध्ये टाकू. पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद होते. चाके मात्र इंजिनाला फिरवत राहतात. खाली जाणाऱ्या दट्ट्यांना पुरेशी हवा मिळत नाही. त्यांना निर्वाताविरुद्ध ओढावे लागते. शिवाय दट्ट्यांचे आणि बेअरिंगचे घर्षण असतेच. इंजिन आता पंप बनलेले असते आणि तो पंप चालवण्याची ऊर्जा गाडीच्या गतीतून येते. पाच लिटरच्या इंजिनाचा हा रोध चाकापाशी सुमारे ५०० न्यूटन भरतो. तो मिळवला की दर सेकंदाची घट ताशी जवळजवळ अडीच किलोमीटर होते.

यात जुन्या तीन गिअरचा वाटा मोठा आहे. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० या यंत्रणेत तिसरा गिअर एकास एक असे. १९८२ पासून जनरल मोटर्सने चार गिअरची यंत्रणा आणली. तिच्या चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७० होते. त्याच वेगाला इंजिन कमी फिरते आणि त्याचा चाकावरचा रोध साधारण तीस टक्क्यांनी घटतो. नवी गाडी अधिक ‘मोकळी’ धावते ती बऱ्याच अंशी यामुळे.

मग स्वयंचलित यंत्रणेचे वैशिष्ट्य काय? इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये जहाजांसाठी या कल्पनेचे पेटंट घेतले. तेलाने भरलेल्या डब्यात दोन पंखे समोरासमोर ठेवले आहेत अशी कल्पना करा. एक पंखा इंजिन फिरवते, त्याने फेकलेले तेल दुसऱ्याला फिरवते. पाय काढल्यावर भूमिका उलटतात आणि चाकाकडचा पंखा इंजिनाला फिरवू लागतो. तेलातून जाणारे हे बल फिरण्याच्या वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून मोठ्या वेगाला इंजिनाचा रोध चांगला जाणवतो, वेग उतरला की तो विरतो. ताशी २५-३० किलोमीटरच्या खाली तर इंजिनच गाडीला हळूच पुढे ढकलू लागते.

यावरून दोष ओळखण्याची खूण मिळते. मोठ्या वेगाला पटकन मंदावणे हा या गाडीचा स्वभाव आहे. पण कमी वेगालाही ती अडखळत थांबत असेल, किंवा सपाट, मोकळ्या रस्त्यावर इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्येही लवकर थांबत असेल, तर इंजिनाला दोष देता येत नाही. शोध चाकांशी घ्यावा. टायरमध्ये हवा कमी असेल, हातब्रेकची तार गंजली असेल, किंवा ब्रेकची रबरी नळी आतून फुगली असेल. अशा नळीतून दाबाखालचे तेल पुढे जाते, पण सहज परतत नाही आणि ब्रेक घासत राहतो.

हे दुर्लक्षिण्यासारखे नाही. चिकटलेल्या ब्रेकचा रोध ३०० न्यूटन असेल, तर ताशी ९० किलोमीटर वेगाला ३०० गुणिले २५, म्हणजे साडेसात किलोवॉट उष्णता निर्माण होते. एक किलोवॉटच्या सात-आठ इस्त्र्या एका चाकात तापत ठेवल्यासारखे हे आहे! ब्रेकचे तेल उकळले तर पुढच्या वळणावर ब्रेक लागणारच नाही. ब्रेक फारसा न वापरता थांबवलेल्या गाडीचे एकच चाक धगधगत असेल, तर निदान झालेच. मात्र चाकाला हात लावू नये, धग जवळूनच कळते.

हाच प्रयोग शाळेच्या मैदानावर सायकलने करता येतो. सपाट जागी, वारा नसताना सेकंदाला चार मीटर वेग घेऊन पायडल थांबवायचे आणि सायकल किती अंतरावर थांबते ते मोजायचे. समजा १०० मीटर भरले. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले की सरासरी मंदन ०.०८ येते. मग टायरमधली थोडी हवा सोडून, नंतर पाठीवर दप्तर घेऊन प्रयोग पुन्हा करावा. जाताना आणि येताना अशी दोन्ही दिशांची सरासरी घ्यावी, म्हणजे चढ-उताराची चूक कमी होते.

एवढे केल्यावर ‘सायकलचा जोर संपला’ हे उत्तर विद्यार्थी स्वतःच खोडतील. जोर संपलेला नसतो. तो टायरने, हवेने आणि घर्षणाने घेतलेला असतो, आणि कोणी किती घेतला ते वहीत मांडता येते.