धर्मादायाच्या वहीतील धुराचे खाते

दुष्काळात सापडलेल्या मुलांस अन्न व औषध पोहोचविणाऱ्या संस्थांस जे उदार गृहस्थ साह्य करितात, ते मागील हिशेब पाहूनच पुढील वर्गणी देतात, आणि हे सर्वथा योग्य होय. अलीकडे या संस्थांच्या वहीत एक नवे खाते उघडले आहे. कोळसा व तेल जाळल्याने हवेत जो कर्बवायू सुटतो, त्याचे हे खाते. ते कशासाठी, हे दात्यांस कळावे म्हणून पुढील मजकूर लिहिला आहे.

लंडन येथे १९१९ साली एग्लंटाइन जेब व त्यांची भगिनी डोरोथी बक्स्टन यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था काढिली, तेव्हा मुलांच्या उपासमारीचे कारण युद्ध व नाकेबंदी हे होते. आज त्यास अवर्षणाची जोड मिळाली आहे. सोमालिया, इथिओपिया व केनिया यांच्या काही भागांत २०२० च्या अखेरीपासून पावसाचे सलग पाच हंगाम फुकट गेले. एकट्या सोमालियात २०२२ साली सुमारे ४३,००० माणसे दुष्काळापायी अधिक मृत्यू पावली व त्यांत निम्मी पाच वर्षांखालील मुले असावीत, असा अंदाज आहे. कर्बवायूने पृथ्वी तापली नसती, तर जमीन इतकी कोरडी पडण्याचा संभव सुमारे शंभरपट कमी होता, असे शास्त्रज्ञ म्हणतात. युनिसेफने २०२१ साली दाखविले की, अत्यंत धोक्याच्या ३३ देशांत सुमारे शंभर कोटी मुले राहतात; परंतु जगातील कर्बवायूपैकी अवघा नऊ टक्के त्या देशांतून निघतो. दोष एकाचा आणि भोग दुसऱ्यास, असा हा प्रकार आहे.

आता साह्य करणारी संस्थाही धूर सोडतेच. त्याची नोंद तीन सदरांत होते: स्वतःच्या मोटारी व जनित्रे, विकत घेतलेली वीज, आणि खरेदी, मालवाहतूक व प्रवास. बहुधा तिसरे सदरच सर्वांत भारी असते. एक टन माल विमानाने नेण्यास आगबोटीच्या कितीतरी पट कर्बवायू सुटतो, आणि भाडेही तसेच चढते, हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

म्हणून २०२१ साली रेडक्रॉसच्या पुढाकाराने एक सनद तयार झाली. आपला कर्बवायू त्वरेने घटवू, असे वचन तीत असून शेकडो संस्थांनी तीवर सह्या केल्या आहेत.

‘मूल मरत असता धूर काय मोजता?’ असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. मूल अत्यवस्थ असता विमान पाठविलेच पाहिजे. तेथे काटकसर हा अधर्म होय. परंतु विमानाची वेळ पुष्कळदा उशिरा आलेल्या पैशामुळेच येते. अतिकृश मुलांस देण्याचा शेंगदाण्याचा पौष्टिक लगदा नायजर व इथिओपिया येथेही तयार होतो. तो वेळेवर जवळच खरेदी करून कोठारात भरला, अथवा आगबोटीने आधी रवाना केला, तर भाडे वाचते, धूर घटतो, आणि वाचलेल्या रकमेत आणखी मुलांस अन्न मिळते.

यास्तव दात्यांस दोन विनंत्या आहेत. संस्थेकडे पैशाच्या हिशेबाबरोबर धुराचाही हिशेब मागावा. आणि जे द्यावयाचे, ते मुलांच्या हाडांचे सापळे दिसण्याची वाट न पाहता, पाऊस चुकल्याची वार्ता येताच द्यावे.