परभाषेचे विनामूल्य शिक्षण



गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी माझ्या घरी आला. सांगोल्याजवळ त्याची डाळिंबाची बाग आहे. त्याची कन्या परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून सोलापुरास नोकरी करते. तिला जर्मनीस जावयाचे होते. एका शिकवणीवर्गाने जर्मन भाषेच्या केवळ पहिल्या पायरीसाठी तिच्याकडे चाळीस हजार रुपये आगाऊ मागितले होते, आणि त्यासाठी पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवण्याचे या गृहस्थाने मनाशी ठरविले होते. मला जर्मन येत नाही हे त्याला ठाऊक होते. त्याचा प्रश्न एवढाच होता, "गुरुजी, हे सगळे मोबाइलवर फुकट मिळते म्हणतात. ते खरे का?"

मी त्याच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत आणि त्यानंतर मी जे शोधले व पारखले, तेच आज आपणांपुढे मांडीत आहे.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार केला. जपाननेही एप्रिल २०१९ पासून परदेशी कुशल कामगारांसाठी नवा परवाना सुरू केला असून त्यासाठी प्राथमिक जपानी भाषेची परीक्षा आवश्यक आहे. तेव्हा ज्या भाषा काल हौसेच्या होत्या त्या आज पोटापाण्याच्या झाल्या आहेत. आणि जेथे पोटाचा प्रश्न येतो तेथे दुकानदारीही येतेच.

पूर्वी परभाषा शिकणे किती दुष्कर होते, याची दोन उदाहरणे आपल्याच लोकांची देतो. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली बौद्ध धर्माच्या अभ्यासाच्या ओढीने घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ असे हिंडत १९०२ साली ते सिलोनला पोहोचले आणि तेथे सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात त्यांनी पालीचे अध्ययन केले. दुसरे उदाहरण सोलापूरचे सुपुत्र डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. बाकीचे चौघे परतले. हे मागे राहिले, रुग्णांत आणि सैनिकांत वावरत चिनी भाषा शिकले, आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच निवर्तले. कोसंबींना भाषेसाठी ग्रंथाकडे व गुरूकडे चालत जावे लागले, तर कोटणीसांना माणसांत राहावे लागले. आज ग्रंथ आणि गुरूचा आवाज ही दोन्ही आपल्या ओसरीवर येऊन उभी राहतात. माणसे मात्र अजूनही आपली आपणच शोधावी लागतात. हा भेद ध्यानी ठेवावा. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता मूळ प्रश्न. फुकट मिळते ते खरोखर फुकट असते काय? माझ्या मते कोणतेही विनामूल्य साधन हाती आले की पहिला प्रश्न हाच विचारावा की, याचा खर्च कोण सोसतो आणि कशासाठी? या एका प्रश्नाने निम्मी पारख होते. त्या दृष्टीने देणाऱ्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग राष्ट्रांचा. आपली भाषा जगात पसरावी अशी प्रत्येक समर्थ राष्ट्राची इच्छा असते व त्यासाठी ते जनतेच्या पैशातून खर्च करते. रेडिओने हे काम फार पूर्वीच आरंभिले. लंडनच्या बीबीसीने १९४३ पासून रेडिओवरून इंग्रजीचे पाठ दिले आणि तीच परंपरा आज तिच्या इंटरनेटवरील इंग्रजी पाठांत चालू आहे. जर्मनीची सरकारी खर्चाने चालणारी प्रसारणसंस्था 'डॉइचे वेले' हिने 'निकोस वेग', म्हणजे 'निकोची वाट', या नावाची चित्रमालिका सिद्ध केली आहे. निको नावाचा तरुण जर्मनीत उतरतो, त्याची पिशवी हरवते, आणि तेथून पुढे त्याच्या अडचणींबरोबर आपली भाषा वाढत जाते. फ्रेंचसाठी 'टीव्ही५ मोंद' या वाहिनीचे पाठ आहेत. 'आरएफआय' या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधील बातम्या मजकुरासह ऐकावयास मिळतात. जपानच्या 'एनएचके' या संस्थेने ४८ पाठांची सुलभ जपानी मालिका केली आहे व ती हिंदीसह अनेक भाषांतून समजावून दिली आहे. 'जपान फाउंडेशन'चे 'इरोदोरी' हे पाठ्यपुस्तक जपानमध्ये राहून काम करू इच्छिणाऱ्यांसाठीच लिहिलेले असून ध्वनिफितींसह मोफत उतरवून घेता येते. आपल्या केंद्र शासनाच्या 'स्वयं' या व्यासपीठावरही जर्मन व जपानी भाषांचे अभ्यासक्रम येत असतात. तेथे शिकणे विनामूल्य असते. प्रमाणपत्राची परीक्षा द्यावयाची असल्यास शुल्क पडते.

दुसरा वर्ग लोकांच्या सामाईक ठेव्याचा. अमेरिकेच्या संघ शासनाने स्वतः तयार केलेल्या लेखनावर त्या देशाच्या कायद्याने स्वामित्वहक्क राहत नाही. त्यामुळे तेथील परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी केलेले अनेक भाषांचे जुने अभ्यासक्रम आज कोणालाही घेता येतात. त्यांची छपाई टंकलेखन यंत्रावरील आहे आणि आवाज खरखरीत आहे; तथापि वाक्यांची घोकणी करून घेण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच. याच वर्गात स्वयंसेवकांची कामे येतात. २००५ साली सुरू झालेल्या 'लिब्रिवॉक्स'वर हक्कमुक्त पुस्तके वाचून दाखविलेली आहेत. 'फोर्वो'वर एकेका शब्दाचा उच्चार त्या भाषेच्या माणसांच्या तोंडून ऐकता येतो. 'तातोएबा'वर लक्षावधी वाक्ये त्यांच्या भाषांतरांसह दिलेली आहेत. येथे मात्र देणारे सामान्यजन असल्यामुळे चुका असणारच; शंका आल्यास कोश पाहावा.

तिसरा वर्ग व्यापाऱ्यांचा. 'ड्युओलिंगो'सारखी ॲपे थोडे मोफत देतात, मधूनमधून जाहिराती दाखवितात आणि अधिक हवे असल्यास वर्गणी मागतात. यात गैर काही नाही. आरंभीची गोडी लागण्यास ती उपयोगी आहेत. परंतु आपण त्यांवर पुनःपुन्हा येत राहावे हा त्यांचा स्वार्थ असतो, आणि आपण शिकून मोकळे व्हावे हा आपला. हे दोन्ही नेहमी जुळतीलच असे नाही.

आता शोधावे कसे? शोधयंत्रात 'फुकट जर्मन' असे घातले की पहिल्या ओळींत बहुधा जाहिराती येतात. त्याऐवजी त्या भाषेला तेथील लोक जे नाव देतात ते घालावे. जर्मन लोक आपल्या भाषेस 'डॉइच' म्हणतात, फ्रेंच 'फ्रांसे' आणि जपानी 'निहोंगो'. त्यापुढे पायरीचे नाव जोडावे. युरोपच्या परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ व सी-२. जपानी परीक्षेच्या पायऱ्या पाच असून एन-५ ही सर्वांत सोपी. पायरीचा उल्लेख नसलेले साधन नवशिक्याने बाजूस ठेवावे. दुसरी गोष्ट, त्या देशाची सार्वजनिक प्रसारणसंस्था कोणती आणि सांस्कृतिक संस्था कोणती, हे आधी शोधावे. उत्तम साधने बहुधा तेथेच सापडतात. तिसरी गोष्ट, ध्वनी आणि तोच छापील मजकूर अशी जोडी असेल तेच साधन घ्यावे. आणि शेवटची गोष्ट, पंधरा दिवसांत भाषा शिकविण्याचे वचन देणाऱ्यास, अथवा पाठ उघडण्यापूर्वीच बँकेची माहिती मागणाऱ्यास, दुरूनच नमस्कार करावा.

परीक्षा द्यावयाची असेल तर एक गोष्ट आवर्जून करावी. जर्मनची परीक्षा घेणारी ग्योटे संस्था, जी पुण्या-मुंबईस मॅक्सम्युलर भवन या नावाने ओळखली जाते, ती आपल्या परीक्षांचे नमुनासंच विनामूल्य देते. जपानी परीक्षेचेही नमुनाप्रश्न असेच मिळतात. हे संच शेवटी पाहण्यासाठी राखून न ठेवता प्रथमच पाहावे. कोठे जावयाचे ते कळले म्हणजे वाट चुकत नाही.

बहुतेक साधनांतील स्पष्टीकरण इंग्रजीतून असते आणि आपली मुले त्याला भितात. वस्तुतः कित्येक ठिकाणी मराठी माणसाची वाट इंग्रज माणसाच्या वाटेपेक्षा सोपी आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. इंग्रजाला त्याचे मोठे ओझे वाटते, पण आपण जन्मापासून तीन लिंगे बोलतो. 'मूल' आपल्याकडे नपुंसकलिंगी, आणि त्यांचा 'किंड' हा शब्दही नपुंसकलिंगीच. सर्वत्र असा मेळ बसत नाही. सूर्य त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे. परंतु व्यवस्था आपणांस अपरिचित नाही. जपानीत तर क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागून लागतात. तेव्हा पाठ इंग्रजीतून असला तरी वहीत अर्थ मराठीतून लिहावा.

आता जे फुकट मिळत नाही त्याविषयी. पहिला खर्च वेळेचा. वर सांगितलेल्या अमेरिकन खात्याच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषिकास कामापुरते फ्रेंच येण्यास सुमारे ६०० ते ७५० वर्गतास लागतात, जर्मनला त्याहून काहीसे अधिक, आणि जपानीला २२००. मराठी माणसाचा आकडा निराळा असेल, पण अंदाज करण्यास हा पुरे. रोज एक तास धरला तर ७५० तासांना दोन वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि २२०० तासांना सहा वर्षे. आमचा तालुका पाण्याच्या टंचाईचा. दहा ठिकाणी पाच-पाच हात खणणाऱ्यास पाणी लागत नाही, हे येथे पोरासोरांनाही समजते. विनामूल्य साधनांच्या बाबतीत हाच धोका मोठा आहे. मोल द्यावे लागत नसल्यामुळे माणूस आज एक उघडतो व उद्या दुसरे. यास्तव एक मुख्य साधन निवडून ते सहा महिने सोडू नये. पाठ प्रथम मजकूर न पाहता ऐकावा, मग पाहून ऐकावा, मग मोठ्याने वाचावा आणि शेवटी आठवून लिहावा.

दुसरा खर्च माणसाचा. यंत्र पाठ ऐकवील आणि आता तर ते संभाषणही करते. परंतु आपली चूक आपल्या डोळ्यांपुढे धरणारा आणि उद्या पुन्हा विचारणारा मनुष्य निराळाच. कोटणीस माणसांत राहून शिकले, हे विसरू नये. पैसे खर्चावयाचे असतील तर ते येथे खर्चावेत.

त्या मुलीने तसेच केले. शिकवणीवर्गाला आगाऊ रक्कम दिली नाही. रात्रपाळी नसेल त्या दिवशी पहाटे पाच ते सहा हा वेळ तिने ठरवून घेतला आणि पहिली पायरी घरीच पुरी केली. दुसऱ्या पायरीवर बोलताना अडखळू लागली तेव्हा आठवड्यातून दोन दिवस बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या एका बाई तिने गाठल्या. त्यांचे मासिक शुल्क ती आपल्या पगारातून देते. परिचारिकेला जर्मनीत पूर्ण मान्यतेसाठी साधारणतः बी-२ ही पायरी गाठावी लागते. ती अजून दूर आहे. वाटेत एखाद्या परीक्षेत अपयशही येईल. तथापि पाटल्या घरातच आहेत, आणि परवा तिच्या आईने मला सांगितले की, पहाटे कानावर पडून पडून आता तिलाही जर्मनमध्ये दहापर्यंत आकडे येतात.

माझ्या विद्यार्थ्याला मी दिलेले उत्तर असे होते: "होय, मिळते. परंतु देणारा कोण ते पाहून घ्यावे, एकच घ्यावे, आणि रोज घ्यावे." आपणांपैकी कोणाच्या घरी हाच प्रश्न उभा असेल तर त्यांनाही माझे उत्तर हेच आहे.