इंजिनाचे फाउंडेशन
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या वार्षिकांकात मोटारीच्या इंजिनाविषयी लेख कशाला, असे एका मैत्रिणीने मला विचारलेच. त्याला माझे उत्तर एवढेच, की गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या जुन्या गाडीची इंजिन फाउंडेशने घरच्या अंगणात बदलली आणि त्या कामात माझा उजवा हात थोडक्यात वाचला. तो का वाचला, आणि मुळात धोक्यात का आला, हे समजून घेण्यासाठी मला पुष्कळ वाचावे आणि त्याहून अधिक विचारावे लागले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

आमची गाडी तीन सिलिंडरची छोटी चारचाकी. आबांनी उभे आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवली. ही त्यांची स्वतःची पहिली, दोन मालकांनी वापरून झालेली. गेल्या पावसाळ्यापासून ती रेल्वेच्या फाटकात उभी राहिली की आतला आरसा इतका थरथरे, की मागे एकच एस.टी. उभी असली तरी दोन दिसत. क्लच सोडताना पुढून 'ठक्' असा आवाज येई आणि गिअरचा दांडा हातातल्या हातात नाचे. गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले, हवेच्या वाटेची साफसफाई झाली, पैसे गेले. थरथर जागच्या जागी. शेवटी आबा म्हणाले, "इंजिन चांगलं आहे गं. त्याची बैठक गेलीय."

ही बैठक म्हणजेच इंजिन माउंट. आपल्याकडचे मिस्त्री तिला 'फाउंडेशन' म्हणतात. शब्द मजेदार आहे. घराचे फाउंडेशन तसूभरही हलू नये अशी आपली अपेक्षा असते; इंजिनाच्या फाउंडेशनने मात्र हलायलाच हवे, फक्त किती हलायचे ते त्याने राखले पाहिजे. दिसायला ती साधी वस्तू आहे. दोन लोखंडी भाग आणि मध्ये त्यांना कायमचे चिकटवलेले जाड रबर. एक लोखंड इंजिनाला बोल्टाने कसायचे, दुसरे गाडीच्या सांगाड्याला. इंजिन आणि गाडी यांच्यामध्ये लोखंडाला लोखंड कुठेच लागत नाही. जो काही संबंध तो रबरातून.

असे का करावे लागते? इंजिन स्वस्थ बसत नाही म्हणून. आमची गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ९०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १५. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा स्फोट होतो. तीन सिलिंडरांचा हिशेब केला तर सेकंदाला बावीस-तेवीस स्फोट झाले. एका उखळात तिघीजणी आळीपाळीने मुसळ घालतात तसा हा प्रकार आहे. ठोका समान अंतराने पडतो. पण या तिघी उखळाभोवती उभ्या नसून एका लांब फळीवर ओळीने उभ्या आहेत अशी कल्पना करा. मग फळी कधी या टोकाला दबेल, कधी त्या टोकाला. तीन सिलिंडरांचे इंजिन असेच दोन्ही टोकांनी डुलत असते. यात बिघाड काही नाही, त्या रचनेचा तो स्वभावच आहे. आणि म्हणूनच अशा गाडीत फाउंडेशन गेले की ते चार सिलिंडरांच्या गाडीपेक्षा लवकर कळते.

दुसरी गोष्ट पिळाची, ज्याला पुस्तकात टॉर्क म्हणतात. विहिरीवरचा रहाट जोर लावून फिरवताना आपले अंग उलट्या बाजूला ढकलले जाते आणि पाय रोवून उभे राहावे लागते. इंजिन चाके पुढे फिरवते तेव्हा तेही उलट मागे कलंडू पाहते, आणि त्याचे रोवलेले पाय म्हणजे ही फाउंडेशने. जुन्या अँबॅसॅडरमध्ये किंवा पद्मिनीत इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेले असे आणि ओढणारी चाके मागची असत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर आडवे इंजिन व ओढणारी पुढची चाके ही मांडणी आपल्याकडे घरोघर झाली. या मांडणीत इंजिन, गिअरपेटी आणि चाकांना पीळ वाटून देणारा डिफरन्शिअल हे सारे एकाच गाठोड्यात असते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ दहा-पंधरा पटींनी वाढून चाकांना मिळतो, आणि त्या वाढलेल्या पिळाचा उलटा धक्का या मूठभर रबरांवर येतो. गाडी पुढे निघताना इंजिनाचा माथा मागे झुकतो, रिव्हर्समध्ये पुढे झुकतो. आमच्या गाडीचा 'ठक्' हा आवाज त्या झुकण्याचा होता: रबर फाटल्यामुळे इंजिन मोकळे झुके आणि लोखंड लोखंडावर आदळे.

रबराची ही युक्ती मोटारीइतकी जुनी नाही. सुरुवातीच्या पुष्कळ गाड्यांत इंजिन सरळ सांगाड्याला कसलेले असे आणि त्याची सगळी थरथर बसणाऱ्याच्या हाडांत उतरे. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने इंजिन रबरावर तोलले. एक आधार पुढे उंचावर, एक मागे खाली, आणि त्या दोहोंना जोडणारी रेषा इंजिनाच्या भारमध्यातून जाणारी. म्हणजे इंजिन स्वतःच्याच आसाभोवती डुलेल आणि गाडीला ओढणार नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ही युक्ती परवाना घेऊन वापरली आणि तिच्या जाहिरातीसाठी पाण्यावर तरंगणाऱ्या हंसाचे चित्र घेतले. फाटक्या रबरावर आपटणारे आमचे इंजिन पाहताना मला तो हंस आठवला की हसू येते.

रबर मरते ते तीन कारणांनी: उष्णता, वय आणि तेल. यांपैकी तेल सर्वांत वाईट. इंजिनाच्या वरच्या झाकणातून ऑइल पाझरून फाउंडेशनवर ठिबकत राहिले की रबर फुगते, मऊ पडते आणि लोखंडापासून सुटते. आमच्याकडे हेच झाले होते. म्हणून नवे फाउंडेशन बसवण्याआधी ती गळती बंद केली पाहिजे, नाहीतर पैसे पाण्यात, किंवा तेलात म्हणा. शिवाय एक फाउंडेशन गेले की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो आणि तीही लवकर जातात.

थरथर सोसून चालवू, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी १९७१ सालची हकीकत सांगते. त्या वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सला साठीच्या दशकातल्या सुमारे ६७ लाख शेव्हरले गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कारण फाउंडेशन. ते तुटले की जोर देताना इंजिन एका बाजूने वर उसळे आणि उसळताना ॲक्सिलरेटरचा दांडा सोबत ओढून घेई; चालकाने पाय उचलला तरी गाडी पळतच राही. त्यावर उपाय म्हणून इंजिन अमुक एका मर्यादेपलीकडे उसळू नये असा अडसर बसवून देण्यात आला. आजच्या गाड्यांत नेमके तसे होईल असे नाही. परंतु सायलेन्सरच्या पाइपाचा सांधा, पाण्याचे रबरी पाइप, वायरी, गिअरच्या तारा हे सारे इंजिनाला जोडलेले असते, आणि मोकाट हलणारे इंजिन त्यांना रोज थोडे थोडे तोडत असते.

आता काम. आधी खात्री करावी. बॉनेट उघडे, हँडब्रेक ओढलेला, आबा आत बसलेले, एक पाय ब्रेकवर. पहिला गिअर टाकून त्यांनी क्लच अगदी जरासा, इंजिनावर ओझे येईल इतकाच सोडला आणि लगेच दाबला. मग रिव्हर्समध्ये तसेच. मी बाजूला उभी राहून पाहत होते. गाडीच्या पुढे किंवा मागे कधीही उभे राहू नये. इंजिन थोडे झुकणे योग्यच, पण आमचे चांगले तीन बोटे उडी मारत होते. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर उजव्या फाउंडेशनचे रबर लोखंडापासून सरळ सुटलेले. रबरावरच्या बारीक भेगांना घाबरायचे कारण नाही, त्या वयाच्या असतात. सुटलेले रबर मात्र संपलेले. थरथर लयीत नसून अधूनमधून ठोका चुकत असेल तर दोष बहुधा इंजिनाच्या आतला असतो, आणि फाउंडेशन बदलून तो जाणार नाही.

बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. सकाळी इंजिन थंड असताना चाकांना पुढून-मागून दगड लावले. पुढची चाके आधीच दोन जाड फळ्यांवर चढवून घेतली होती, म्हणजे इंजिनाखाली जॅक शिरायला जागा झाली. आबांनी मला हातातले कडे आणि घड्याळ काढायला लावले. मला ती जुन्या माणसांची सवय वाटली; नंतर कळले की बॅटरीजवळ पाना आणि कडे मिळून ठिणगी पडू शकते, आणि कडे अडकले तर हात निघत नाही. बॅटरीची ऋण तार त्यांनी त्याआधीच सोडवली होती.

इंजिनाच्या तळाला तेलाचे चेंबर असते आणि त्याचा पत्रा पातळ. जॅक थेट त्याला लावला तर पत्रा चेपतो. म्हणून मध्ये जाड लाकूड हवे, भार पसरवणारे. जॅक इतकाच चढवायचा की फाउंडेशनवरचे ओझे जॅकवर यावे. इंजिन उचलायचे नाही. आणि एका वेळी एकच फाउंडेशन सोडायचे, बाकीची कसलेली ठेवायची. हे सारे आम्ही केले. चुकलो ते जमिनीच्या बाबतीत. परतीच्या पावसाने अंगणाची माती वरून सुकलेली आणि आतून ओली होती. फाउंडेशन निघाले, मी ब्रॅकेटच्या मागची घाण पुसायला हात घातला होता, तेवढ्यात आबा ओरडले, "हात काढ!" त्यांनी जॅकचा पाया तिरका होताना पाहिला होता. मी हात काढला आणि इंजिन दोन बोटे खाली येऊन ब्रॅकेटवर दणकन बसले. आवाज मोठा नव्हता. पण माझी बोटे होती ती जागा आता मुळीच उरली नव्हती.

आम्ही दोघे ओट्यावर बसलो. आईने पाणी दिले. मग ती आत जाऊन जेवणाचा जुना शिसवी पाट घेऊन आली आणि तो जॅकखाली ठेवा म्हणाली. खरे म्हणजे हे आम्हालाच सुचायला हवे होते. वरून लाकूड भार चेंबरवर पसरवते, तसे खालूनही लाकूड तो जमिनीवर पसरवते. आम्ही विचार केला तो फक्त वरच्या टोकाचा. विटा या कामाला मुळीच वापरू नयेत, त्या अचानक फुटतात.

नवे फाउंडेशन जुन्याशेजारी ठेवून छिद्रे, उंची, दिशा जुळवून पाहिली. बसवताना मधला लांब बोल्ट शिरेना. मी हातोडी घेतली. आबांनी ती काढून घेतली आणि जॅकचा दांडा पाव फेरा सोडला, मग थोडा चढवला. बोल्ट बोटाने आत गेला. "अडला म्हणजे त्याच्यावर कुणीतरी बसलंय," ते म्हणाले. हातोडी मारली असती तर आटे गेले असते आणि ओझे जिथल्या तिथेच राहिले असते. सगळे बोल्ट आधी हाताने चार-चार आटे बसवले, मग जॅक उतरवून इंजिन आपल्या वजनाने बसू दिले, हाताने हलवले आणि त्यानंतरच पक्के कसले. आधीच कसले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि नवे फाउंडेशनही थरथर देते. किती कसायचे याचे आकडे प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतात. आम्ही ओळखीच्या मिस्त्रींकडून टॉर्कचा पाना तासभर मागून आणला.

पहिले काही दिवस गाडी किंचित कडक वाटली. नवे रबर तसेच असते. बाजारात स्वस्त, दगडासारखी कडक फाउंडेशनेही मिळतात. ती टिकतात, पण थरथर अडवत नाहीत. पाचेकशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासले, एक जरासा सैल मिळाला. फाटकात आता एकच एस.टी. दिसते.

उजवे आणि डावे अशी दोन बदलली. मागचे अजून जुनेच आहे. तिथे हात पोहोचवायला गाडी उंच करून खाली शिरावे लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचे नाही, त्याला पक्के स्टँड लागतात, आणि ते आमच्याकडे नाहीत. ते काम आबा उन्हाळ्यात गॅरेजमध्ये देणार आहेत. शिसवी पाट मात्र आईने परत मागितलेला नाही. तो डिकीत जॅकशेजारीच असतो.