गोव्याची रात्र आणि पॉल ओकनफोल्ड

हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील आखाडा बाळापूर हे आमचे कळमनुरी तालुक्यातील बाजाराचे गाव. आणि लग्नसराईत या रस्त्यावरून ज्या वराती निघतात त्यांच्या अग्रभागी पूर्वी जेथे हलगी आणि सनई असे, तेथे आता ध्वनिक्षेपकांच्या भिंती रचलेले वाहन चालत असते. खाली बेसच्या पेट्या, वर टॉप, मागे जनरेटर, दोन्ही बाजूंना आभाळात झोत फेकणाऱ्या शार्पी, आणि या साऱ्या पसाऱ्याच्या मधोमध लॅपटॉपसमोर, एका कानावर हेडफोन दाबून व दुसरा कान गर्दीसाठी मोकळा ठेवून, एक कोवळ्या वयाचा मुलगा उभा असतो. चालू गाणे सारे लोक ऐकत असतात. पुढचे गाणे मात्र त्या क्षणी एकटा तोच ऐकत असतो, आणि त्याची लय चालू गाण्याच्या लयीला जुळेपर्यंत त्याची बोटे चकतीवर हलकेच मागेपुढे होत राहतात. आवाजाच्या अतिरेकामुळे या मुलाच्या वाट्याला आजवर बोलणीच अधिक आली, आणि ती पुष्कळदा रास्तही होती. तथापि त्याच्या बोटांत जी विद्या आहे तिलाही परंपरा आहे. ती न्यूयॉर्कहून, लंडनहून आणि आपल्या शेजारच्या गोव्याच्या किनाऱ्यावरून फिरत येथवर आली, आणि तिचा मागोवा घ्यायचा तर ज्या एका इंग्रज डीजेच्या कारकिर्दीत हे सारे मुक्काम लागतात तो पॉल ओकनफोल्ड होय.

ओकनफोल्डचा जन्म ३० ऑगस्ट १९६३ चा. त्याचे रीतसर शिक्षण स्वयंपाकाचे, म्हणजे आचाऱ्याच्या पेशाचे. परंतु ऐन तारुण्यात तो न्यूयॉर्कला गेला, तेथे हिप-हॉप नावाचे नवे संगीत कृष्णवर्णीय वस्त्यांतून वर येत होते, आणि त्या संगीताचा कान घेऊन तो लंडनला परतला. चॅम्पियन या ध्वनिमुद्रण संस्थेत नवे कलावंत हेरण्याचे काम त्याच्याकडे आले. पुढे चित्रपटांतून जगाला ठाऊक झालेला विल स्मिथ ज्या जोडीत गात असे, ती ब्रिटनमध्ये आणण्याच्या कामी त्याचा हात होता. दुसऱ्याची रचना ऐकून तिचे भवितव्य ओळखणे हा या माणसाचा मूळ गुण आहे, आणि पुढे त्याने जे काही केले ते या गुणाच्याच बळावर केले असे मला वाटते.

१९८७ च्या उन्हाळ्यात वाढदिवसाच्या निमित्ताने तो काही मित्रांसह स्पेनच्या इबिझा बेटावर गेला. तेथील अॅम्नेशिया या उघड्या छताच्या नृत्यगृहात आल्फ्रेडो नावाचा अर्जेंटिनाहून आलेला डीजे रॉक, पॉप, शिकागोचे हाउस, अशा परस्परांशी सोयरसुतक नसलेल्या रचना एकाच रात्रीत अशा क्रमाने लावीत असे की त्या जन्मतःच एकमेकींसाठी झाल्या असाव्यात. लंडनचे हे तरुण त्या अनुभवाने भारावून परतले, आणि १९८८ मध्ये ओकनफोल्डने हेवन या नृत्यगृहात स्पेक्ट्रम या नावाने सोमवारची रात्र सुरू केली. आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, आणि तरीही गर्दी लोटली. त्यानंतर त्याने परफेक्टो ही स्वतःची संस्था काढली, स्टीव्ह ऑस्बोर्नच्या साथीने हॅपी मंडेज या मँचेस्टरच्या वाद्यवृंदाची १९९० सालची ध्वनिमुद्रिका सिद्ध केली, आणि यू टू या आयरिश वृंदाच्या एका गीताची नव्याने बांधणी केली, ती १९९२ मध्ये ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत मूळ गीताहूनही वर, आठव्या क्रमांकावर गेली. पुढच्या वर्षी त्याच वृंदाच्या प्रचंड दौऱ्यात, मुख्य कार्यक्रमाआधी मैदाने तापवण्याचे काम त्याने केले.

येथे या कलेच्या तंत्राविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे, कारण तंत्र न कळता केलेली स्तुती आणि निंदा दोन्ही पोकळ ठरतात. त्या काळच्या डीजेचे मुख्य उपकरण म्हणजे टेक्निक्स कंपनीची तबकड्या फिरवणारी दोन यंत्रे. १९७९ च्या सुधारित नमुन्यापासून त्यांना एक सरकती पट्टी आली, जिच्यायोगे तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी वा जास्त करता येतो. एक रचना संपत आली की दुसरीचा वेग कानाने जुळवायचा, दोहोंच्या समा एकत्र आणायच्या, एकीचा खर्ज उतरवून दुसरीचा चढवायचा, आणि हे सर्व इतके बेमालूम करायचे की नाचणाऱ्याच्या पावलाला सांधा लागू नये. हे कौशल्य सवयीने कोणालाही साध्य होईल. परंतु कशानंतर काय, किती वेळाने, आणि श्रोत्याला कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत न्यायचे, ही दृष्टी सवयीने येत नाही. कलावंत आणि कारागीर यांच्यातील हद्द या धंद्यात तेथे आखलेली आहे.

आणि अनुक्रमाची ही विद्या ज्या एका जागी पूर्ण रात्रीच्या मापाने घडली, ती जागा म्हणजे गोव्याचा हणजूण-वागातोरचा किनारा. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून तेथे पाश्चात्त्य हिप्पींचे तांडे हिवाळ्याला मुक्कामास येऊ लागले. सॅन फ्रान्सिस्कोचा गिल्बर्ट लेव्ही, ज्याला पुढे सारे जग गोवा गिल म्हणून ओळखू लागले आणि जो २०२३ मध्ये निवर्तला, तो १९७० च्या सुमारास तेथे आला. प्रथम गिटारी आणि रॉक. मग ऐंशीच्या दशकात यंत्रसंगीत आले. लॉरेंट नावाचा एक फ्रेंच डीजे युरोपातून आलेल्या रचनांतील गायन कापून टाकी आणि उरलेले वादन कॅसेटवर जोडून लांबवी. तबकड्या त्या उन्हात आणि वाळूत टिकण्यासारख्या नव्हत्या. त्यामुळे सारा कारभार कॅसेटवर, आणि नंतर डॅट नावाच्या डिजिटल फितीवर चाले. या फितीचा वेग डीजेच्या हाती नसे, म्हणून लय जुळवणे जवळजवळ अशक्य. आणि म्हणून रचनाकार आपल्या रचनेच्या आरंभी व अंती ठोक्याविना केवळ तरंगणाऱ्या स्वरांचा एक दीर्घ पट्टा ठेवू लागले, जेणेकरून एक रचना दुसरीत विरून जावी. साधनाच्या उणिवेतून शैलीचे लक्षण जन्माला आले याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

त्या रात्रींचे वर्णन करणाऱ्या बहुतेकांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे: नाचणाऱ्या गर्दीच्या कडेने स्थानिक बाया चटया अंथरून, कंदील आणि स्टोव्ह मांडून, रात्रभर चहा आणि खाणे विकत बसत. परदेशी लोक त्यांना ‘चाय ममा’ म्हणत. मध्यरात्रीनंतरचे संगीत काळोखे, दाट, कोमल ऋषभाने भारलेले, आमच्या भैरवी थाटाच्या स्वरांशी नाते सांगणारे असे; आणि क्षितिज उजळू लागले की तेच संगीत हळूहळू मोकळे, प्रसन्न होत जाई. आमच्या नरसी नामदेवच्या परिसरात ज्याने रात्रभराचा भजनाचा जागर ऐकला असेल, त्याला रात्रीच्या प्रहरांशी गाण्याचा क्रम कसा बांधलेला असतो आणि पहाटेच्या पदाला मध्यरात्री जागा का नसते, हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. हणजूणच्या त्या रात्रींत अमली पदार्थांचा संचार होता, त्यापायी अनेकांची आयुष्ये नासली, आणि गावकऱ्यांना झोपेची किंमत मोजावी लागली, हेही तितकेच खरे. ते झाकून या संगीताचा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

हिवाळा संपला की हे प्रवासी फिती घेऊन मायदेशी परतत. त्यांच्यातूनच लंडनमध्ये या संगीताच्या संस्था उभ्या राहिल्या. किलिंग जोक या वृंदातील यूथ याने ड्रॅगनफ्लाय काढली. मूळचा ऑस्ट्रेलियन बासरीवादक राजा राम आणि त्याचे सहकारी यांनी टिप या संस्थेची स्थापना १९९४ मध्ये केली. सायमन पॉसफर्डसारखा विलक्षण इंग्रज रचनाकार हॅल्युसिनोजेन या नावाने याच सुमारास पुढे आला.

अशा वेळी, १८ डिसेंबर १९९४ च्या रविवारी, म्हणजे गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी, बीबीसीच्या रेडिओ वन केंद्रावरील ‘इसेन्शियल मिक्स’ या कार्यक्रमात ओकनफोल्डने सलग दोन तासांची गुंफण सादर केली. ती ‘गोवा मिक्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्या काळाकडेही लक्ष वेधले पाहिजे. जेमतेम दीड महिन्यापूर्वी, ३ नोव्हेंबरला, ब्रिटनच्या संसदेचा एक फौजदारी कायदा अमलात आला होता, ज्याने रात्री उघड्यावर शंभर वा अधिक लोक जमवून पुनरावृत्त ठोक्यांचे संगीत मोठ्याने वाजवणारे मेळावे उधळण्याचा अधिकार पोलिसांना दिला. मैदानातून ज्या संगीताला हुकुमाने हाकलले जात होते, ते सरकारी सनदेने चालणाऱ्या नभोवाणीवरून, नावासह, घराघरांत पोचले.

ही गुंफण मी आजही अभ्यासाने ऐकतो. तिच्यात किनाऱ्यावरच्या त्या शैलीच्या, म्हणजे ट्रान्सच्या, वेगवान, घोटीव रचना आहेत. परंतु तिचे खरे मर्म त्या रचनांच्या मधल्या जागांत आहे. व्हँजेलिसने ‘ब्लेड रनर’ या चित्रपटासाठी केलेले विषण्ण, संथ संगीत ओकनफोल्डने तेथे आणून बसवले आहे. ठोका थांबतो, स्वर एकटे उरतात, आणि श्रोता पुन्हा ठोक्याची वाट पाहू लागतो. ही वाट पाहायला लावणे हाच त्या दोन तासांचा प्राण आहे. सहा-आठ तासांच्या रात्रीचा जो आरोह-अवरोह किनाऱ्यावर घडत असे, तो दोन तासांत आणि भिंतीआड बसलेल्या माणसासाठी पुन्हा उभा करणे, ही केवळ निवड नव्हे, ती रचना आहे. ज्याने एकही सूर स्वतः वाजवला नाही त्याला रचनाकार म्हणावे की नाही, असा वाद घालणाऱ्यांनी तो भाग एकदा ऐकावा.

परंतु श्रेयाचा हिशेब मला अजून खटकतो. किनाऱ्याचे नाव जगभर गेले, पण किनाऱ्यावरची माणसे त्या नावात कोठेच नाहीत. याहून मोठी विस्मृती मुंबईत घडली. हिंदी चित्रपटसंगीतात वादन करणारे चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेतली, एक सिंथेसायझर, एक तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्ज वाजवणारे छोटे यंत्र, आणि त्यांवर भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग नृत्याच्या ठोक्यावर वाजवून एचएमव्हीकडून तबकडी काढली. ती विकली गेली नाही. त्याच खर्जयंत्राच्या पिळवटलेल्या आवाजातून शिकागोच्या फ्युचर या त्रयीने १९८७ मध्ये अॅसिड हाउसची पायाभरणी केली, आणि ज्या लाटेवर ओकनफोल्डची स्पेक्ट्रमची रात्र उभी होती ती हीच लाट. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती तबकडी पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा कोठे चरणजितसिंगांना उतारवयात परदेशी रंगमंच मिळाले. २०१५ मध्ये ते वारले. शिकागोच्या मुलांनी त्यांचे ऐकले होते असा पुरावा नाही, आणि तसा दावा मी करीत नाही. मला हळहळ वाटते ती आपल्या घरी अठ्ठावीस वर्षे ती तबकडी कोणी उलटून पाहिली नाही याची.

ओकनफोल्डची पुढची वाटचाल वैभवाची आहे, आणि वैभवाला फार शब्द लागत नाहीत. लिव्हरपूलच्या क्रीम या नृत्यगृहात १९९७ ते १९९९ असे तो नियमित वाजवीत होता. १९९८ आणि १९९९ मध्ये डीजे मॅगझिनच्या वाचकांनी त्याला जगात पहिला ठरवले. २००२ मध्ये ‘बंका’ हा स्वतःच्या रचनांचा संग्रह आला. मग लॉस एंजेलिसचे वास्तव्य, चित्रपटसंगीत, मॅडोनाच्या दौऱ्यात सहभाग, लास व्हेगासची दीर्घ नेमणूक. २०१७ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर जाऊन त्याने वादन केले. हे सारे त्याच्या मेहनतीचे फळ आहे. माझ्या मते मात्र त्याचे श्रेष्ठ काम १९९४ चे ते दोन तासच.

गोव्याच्या त्या रात्रीही आता तशा राहिल्या नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई पक्की केली, आणि पहाटेपर्यंत चढत जाणारा तो दीर्घ अनुक्रम उघड्या किनाऱ्यावर कायदेशीरपणे घडणे संपले. तोच नियम आमच्या हमरस्त्यावरील वरातीलाही लागू आहे, आणि म्हाताऱ्यांच्या व लेकरांच्या छातीसाठी तो असणे योग्यच आहे. आमच्या मुलाच्या हाती त्यामुळे जेमतेम संध्याकाळचे तीन-चार तास उरतात. नवरदेव घोड्यावर चढण्यापासून मांडवाच्या दारापर्यंतचे अंतर, मावश्या-काकूंचे एक गाणे, मित्रमंडळींची चार, आणि मध्ये कोणी तरी फर्माईश करणार; एवढ्या हद्दीत त्याला आपला क्रम बांधायचा असतो. मी अशा काही मुलांना ‘गोवा मिक्स’ ऐकवले आहे. ठोका थांबतो त्या जागी त्यांच्यातील एकाने मान वर केली आणि ‘ही जागा पुन्हा लावा’ म्हणून सांगितले.